दोन ओळींतली चूक

"झाकण लावू नका, बाई. उघडं हाय म्हनून तर शिकता येते." हे आमच्या सरांचं पालुपद. मावला गावातल्या त्यांच्या एका खोलीच्या क्लासात जुना कॉम्प्युटर कायम उघडाच असायचा आणि आतली धूळ ते सदऱ्याच्या टोकाने पुसायचे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडचे क्लास कसे होते, तुम्ही पाहिलेच आहेत. जो तो टायपिंग शिकवायचा. सर मात्र लिनक्सचं कर्नल शिकवत. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम, जो कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो. त्यांनी पाटीवर "कर्नल शिका" असं रंगवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी वांकिडीचा एक बाप पोराला घेऊन हजर!

"सर, भरतीले याची उंची बसते का?"

"उंची कायले पायजे, भाऊ? बसूनच करायचं काम हाय."

पोरगा राहिला. सरांपुढे बसलेला माणूस सहसा उठत नसे. मीही शाळेतली क्लार्क, शिकायला गेले आणि नव्यांना शिकवायला लागले.

आमचा प्रिंटर दोन पानं छापून अडायचा. सरांनी महिनाभर कर्नल वाचून काढलं, त्यातल्या दोन ओळी बदलल्या आणि प्रिंटर धडधडा चालू लागला. आता ही दुरुस्ती कर्नल सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींना पाठवायची होती. त्यांनी घेतली तर ती जगभर जाणार. इकडे पोरं गळत होती. "आपल्याले कोन विचारते, सर?" म्हणत टायपिंगकडे चालली होती. चौघं उरली.

"उत्तर येऊ द्या," सर त्यांना म्हणाले. "मंग जा, जायचं तर."

आमच्याकडे ई-मेल कुठलं! नागपुरात माझ्या भावाच्या ऑफिसात होतं. त्याच्याकडे लग्नाला निघाले तेव्हा सरांनी दुरुस्तीची फ्लॉपी माझ्या हातात दिली. लग्नाच्या धांदलीत मी ती साफ विसरले. परतीच्या बसमध्ये पिशवीच्या तळाशी सापडली.

"गेली का, बाई?" सरांनी दारातच विचारलं. चौघंही माझ्याकडे बघत होती.

"गेली," मी म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी!

दुसऱ्याच दिवशी मी ती पोस्टाने भावाकडे पाठवली, तर वाटेतच मोडली. दुसरी मागायची तर खोटं उघडं पडणार. मी मागितलीच नाही.

सर रोज विचारायचे, "भावाचा फोन आला का?" मी नाही म्हणायची. चारांची दोन झाली, मग एकही राहिलं नाही. सरांनी कुणाला दोष दिला नाही. "त्यायनं पाह्यलं असन आन् टाकून देलं असन. आपलंच कायतरी चुकलं," एवढंच म्हणाले आणि त्या दोन ओळी पुन्हा वाचायला बसले. पुढे क्लास बंद झाला, तरी घरी त्यांचं तेच चालू होतं.

वर्षाने नव्या कर्नलची सीडी हाती आली. शाळेतल्या कॉम्प्युटरवर तिच्यातली प्रिंटरची फाइल उघडली. त्याच दोन ओळी होत्या, जशाच्या तशा. दुरुस्ती पाठवणाऱ्याचं नाव भलत्याच कुणाचं.

आज सगळं सांगूनच टाकायचं, असं ठरवून सरांकडे गेले. ते अंथरुणाला खिळले होते. मला पाहून चेहरा उजळला. तीच आमची शेवटची भेट ठरली.

"बाई, चूक सापडली!" ते म्हणाले.

उशाखालचा कागद काढून ते मला नसलेली चूक समजावू लागले, नव्या पोराला सांगावी तशी, सावकाश. दोनदा दम लागला, तरी थांबले नाहीत.

"समजलं ना?" त्यांनी विचारलं.

"समजलं, सर," मी म्हणाले.