घरच्या हातची नखं

उदगीरच्या शिवकांतानं आयुष्यात फार माणसांचा राग केला नाही. एकीचाच केला, पण मन लावून केला. ती म्हणजे तिची मोठी नणंद, औशाला दिलेली सिंधू.

रागाला कारण होतं. सतरा वर्षांपूर्वी शिवकांतानं सहा महिने बसनं लातूरला ये-जा करून पार्लरचं काम शिकून घेतलं आणि घराच्या पुढच्या खोलीत आरसा लावला. तेव्हा सिंधू माहेरपणाला आली होती. तिनं आरशाकडं पाहिलं, कात्रीकडं पाहिलं आणि आपल्या भावाला, म्हणजे शिवकांताच्या नवऱ्याला ऐकवलं, "आपल्यात कुणी कात्री धरली न्हाई, हनुमंता. आता लोकायचे केस झाडायचे तेवढे राहिले व्हते." हनुमंत बहिणीपुढं एरवीही बोलत नाही, त्या दिवशीही बोलला नाही. पुढं पार्लर चाललं. निम्म्या उदगीरच्या नवऱ्या शिवकांताच्या खुर्चीतून उठून बोहल्यावर गेल्या. सिंधू मात्र भुवया कोरायलासुद्धा लातूर गाठायची, आणि ते सांगायला मुद्दाम उदगीरला यायची. "न्हाई बाई, घरच्या हातचं नको," हे तिचं वाक्य शिवकांतानं इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी तिनं ते सिंधूच्या आवाजात म्हणून दाखवलं असतं.

त्या घरातलं एकच माणूस शिवकांताच्या बाजूचं होतं, सिंधूची मुलगी गीतांजली. सुट्टीत आली की आधी पार्लरात शिरायची, हात पुढं करायची आणि म्हणायची, "मामी, कायबी काढ." शिवकांताला मूलबाळ नव्हतं. ही पोरगी आली की तिचा दिवस भरायचा. सिंधूला हे दिसत होतं, आणि तेच तिला जास्त झोंबत होतं.

यंदा गीतांजलीचं नांदेडजवळच्या मुदखेडच्या मुलाशी जमलं. पोरीनं आईला सांगून टाकलं, केस आणि नखं मामीच करणार आणि जपानी करणार. फोनवर तिनं पाहिलं होतं: कपाळावर एका रेषेत कापलेली केसांची झालर, गालांशी दोन आखूड बटा आणि मागं सरळ लांब केस. जपानातल्या जुन्या राजकन्या म्हणे असे केस ठेवायच्या. नखांवर चेरीची फुलं हवी होती. चेरीचं झाड उदगिरात कोण दाखवणार? शिवकांतानं पंधरा दिवस प्लास्टिकच्या नखांवर फुलं काढून हात बसवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती पेटी घेऊन औशाला पोचली. सिंधूनं दारातच स्वागत केलं. "पोरीचा हट्ट हाय म्हणून ये. माझं चाललं असतं तर लातूरची बाई बोलावली असती. आन् पावण्यायला सांगू नको, मामी हाव म्हणून. मुदखेडची माणसं मोठी हायत. पार्लरवाली हाव म्हण."

"बरं, अक्का," म्हणून शिवकांता आत गेली.

केसांत तिनं जीव ओतला. झालर भुवयांपर्यंत यायला हवी होती, तिनं ती दोन बोटं वर कापली. गीतांजली कुरकुरली तेव्हा म्हणाली, "सासू मळवट भरायला आली तर कुंकू काय केसाला लावील? कपाळ नको का दिसायला?" पोरगी हसली.

मग नखांची पाळी आली, आणि शिवकांताच्या मनात पाप आलं. आडपडदा कशाला ठेवायचा? चिकटवायची नखं पेटीत दोन मापांची होती, आखूड आणि लांब. ती निवडताना तिला कंकण आठवलं. लग्न लागलं की नवरीनं नवऱ्याच्या मनगटावरचं हळकुंडाचं कंकण सगळ्यांसमोर एका हातानं सोडायचं असतं. नवऱ्याच्या बहिणी दोऱ्याला पाणी लावून गाठी आवळतात. नवरी अडली की नावं तिच्या आईला ठेवली जातात, लेकीला काय शिकवलं म्हणून. लांब नखांच्या चिमटीत बारीक गाठ धरता येत नाही. शिवकांतानं लांब नखं उचलली. त्यांवर काढलेली गुलाबी फुलं इतकी देखणी झाली, की तसं काम तिच्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि हॉलवरच कंकण सोडायला बसवलं. नवऱ्यानं नवरीचं कंकण चुटकीसरशी सोडलं. गीतांजलीची नखं मात्र गाठीवरून नुसती घसरत राहिली. बायका हसायला लागल्या. मुदखेडची नणंद सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आईनं नुसतं नटवून धाडलंय. साधी गाठ सुटंना. संसार काय करील?"

सिंधूचं तोंड काळंठिक्कर पडलं. खांबाआड उभ्या शिवकांताला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. सतरा वर्षांचा काटा निघाला.

तेवढ्यात गीतांजलीनं चिडून दोऱ्याला हिसका दिला. अंगठ्याचं चिकटवलेलं नख उचकटलं आणि खालचं खरं नखही अर्धं घेऊन गेलं. हळकुंडावर रक्त सांडलं. शेवटी नवऱ्यानंच दातानं गाठ सोडली, तसा हशा आणखी वाढला. पोरगी रडली नाही. तिनं मान वर केली आणि गर्दीत आईला नाही, मामीला शोधलं. शिवकांताचं बरं वाटणं तिथंच संपलं.

पाठवणीआधी ती कापूस आणि नखं काढायच्या औषधाची बाटली घेऊन खोलीत गेली. सिंधू पोरीजवळ बसून होती. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "बघ गं तेवढं पोरीचं. तूच कर."

शिवकांतानं हात पुढं केला. गीतांजलीनं आपला हात पदराखाली घेतला.

"मामी, कुंकवाची आठवण व्हती तुला."

शिवकांतानं कापसाचा बोळा केला.

"मग कंकणाची कशी न्हवती?"

विसरले, एवढंच म्हणायचं होतं. पोरीनं तेही मानलं असतं. पण तिच्या तोंडाकडं पाहून शिवकांताला ते म्हणता आलं नाही, आणि गीतांजलीला उत्तर मिळालं.

"राहू दे. नांदेडात कुणाकडून तरी काढून घेईन," ती म्हणाली. "घरच्या हातचं नको."

"असं बोलत्यात का मामीला?" सिंधूनं लेकीला दटावलं. दारात मुदखेडच्या बाया उभ्या होत्या, त्यांच्यासमोर ती मामी म्हणाली. शिवकांतानं पेटी मिटली आणि त्या बायांच्या मधून वाट काढत बाहेर पडली.