पालकाची सही

त्या मुलीच्या डोक्यावरची पांढरी टोपी मी अजून विसरलेलो नाही. टोपी खरी नव्हती, फोटो स्टुडिओतल्या माणसाने ब्रशने काढलेली होती. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. पण कोणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा ना," की तोंडाशी हीच येते, आणि मी दुसरीच सांगून मोकळा होतो. आज ही लिहून टाकतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खान्देशातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो. एका सकाळी हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात एक म्हातारा पहाऱ्यावरच्या शिपायाला न जुमानता थेट माझ्या टेबलापाशी आला. जवळच्या खेड्यातला सुतार. बैलगाडीची चाकं करायचा. गाव त्याला आबा म्हणायचं. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि हातात घडी घातलेलं एक हँडबिल.

"साहेब, मनी पोर सापडनी! जित्ती शे. नर्स व्हयी गयी!"

हँडबिल धुळ्याजवळच्या एका नव्या खासगी नर्सिंग कॉलेजचं होतं. बाजाराच्या दिवशी भोंगा लावलेली जीप ती वाटत फिरली होती. 'आमच्या यशस्वी विद्यार्थिनी' अशा मथळ्याखाली चार फोटो होते. तिसऱ्या फोटोवर आबांनी बोट ठेवलं. खाली नाव भलतंच छापलेलं होतं.

"नाव वेगळंय, आबा."

"नाव ऱ्हाऊ द्या. बाप शे मी." त्यांचं बोट फोटोतल्या पोरीच्या कानावर सरकलं. "कानन्या त्या फुल्या मीच लई दिन्हात."

मुलगी मला ठाऊक होती. म्हणजे तिचा कागद ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी ती बेपत्ता झाल्याची खबर मीच मिसिंग रजिस्टरला घेतली होती. वय एकोणीस, रंग सावळा, बारावी पास, लग्न ठरलेलं. लग्न ठरलेली पोर घरातून गेली म्हणजे काय, हे आम्हा पोलिसांना वेगळं सांगावं लागत नसे. आम्ही मुलगी शोधतच नसू, मुलगा शोधत असू. गावात एक तरुण शिंपी होता, तिची पोलकी शिवायचा. त्याला मी चार दिवस ठाण्यात बसवून ठेवला. दोन ठेवूनही दिल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय? तो बिचारा पुढे गाव सोडून सुरतेला गेला. आम्ही वायरलेस पाठवला, बस स्टँडवर फोटो लावला, आणि कागद थंड झाला. गावाने निकाल देऊन टाकला होता की पोर तोंड काळं करून गेली.

आबांना बाकावर बसवून मी जुनं रजिस्टर काढलं. सोबत नेलेल्या वस्तूंत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: दोन साड्या, एक पिशवी, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला.

मी ते दोनदा वाचलं. अरे, कोणाचा हात धरून पळणारी पोर गुणपत्रिका कशाला नेईल? दोन वर्षं ते वाक्य माझ्या ठाण्यात पडून होतं आणि मी शिंप्याच्या मागे लागलो होतो. त्या वेळी स्वतःचीच इतकी चीड आली की चहा आणणाऱ्या हवालदारावर उगाच खेकसलो.

आबांना घरी पाठवून मी त्याच दिवशी धुळ्याला गेलो, तिथल्या ठाण्याला कळवलं आणि कॉलेज गाठलं. कॉलेज म्हणजे एका तेलघाण्याच्या रिकाम्या गोदामाला दिलेला रंग. फलक मात्र इमारतीपेक्षा मोठा. आत एका टेबलावर पाटी, 'जनसंपर्क अधिकारी'. गृहस्थ पस्तिशीचे, पांढरा सफारी, बोलायला लोण्यासारखे. आधी कपाशीच्या बियाण्यांचा प्रचार करायचे. भोंग्याची जीप तीच होती, फक्त कापड बदललं होतं.

"या साहेब, या! आपल्या ओळखीत कोणी कन्या आहे का? प्रवेश चालू आहेत."

मी हँडबिल पुढे ठेवलं. "ही तिसरी कुठे नोकरीला आहे?"

"मुंबईला. मोठ्या हॉस्पिटलात."

"पत्ता द्या."

"तो... शोधावा लागेल."

त्यांना तिथल्याच ठाण्यात आणलं. चौकशीत माझी एक सवय होती. एक प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं. मारझोडीपेक्षा शांततेने माणूस लवकर फुटतो, विशेषतः ज्याचं पोट बोलण्यावर चालतं तो. हे गृहस्थ अर्धा तास संस्थेची ध्येयं सांगत राहिले. मी नुसता फोटोकडे बघत बसलो. शेवटी त्यांनी रुमाल काढला.

"साहेब, कॉलेज काढून दोन वर्षं झाली. कोर्स तीन वर्षांचा. पहिली बॅचच बाहेर पडलेली नाही. यशस्वी विद्यार्थिनी आणायच्या कुठून? आणि फोटो नसतील तर खेड्यातला बाप पोरीला पाठवत नाही. त्याला टोपी घातलेली पोर दिसावी लागते."

"मग ही पोर?"

"अर्धवट अर्जांतली."

"म्हणजे?"

"प्रवेश घेतलेल्यांचे फोटो छापले असते, तर त्या समोरच बसलेल्या, गवगवा झाला असता. अर्ज अपुरा म्हणून परत गेलेल्या पोरी पुन्हा येत नाहीत, साहेब. त्यांच्यासाठी भांडायला कोणी येत नाही." हे त्यांनी कसलाही कट नसल्यासारखं, धंद्यातली युक्ती सांगावी तसं सांगितलं.

त्यांना घेऊन पुन्हा कॉलेजात गेलो. कपाटावरून सुतळीने बांधलेला गठ्ठा खाली आला. दोन पंचांसमोर सोडला. सोळावा की सतरावा अर्ज तिचा होता. फोटोच्या जागी फक्त डिंकाचा डाग. तारीख, ती घरातून गेल्यानंतर अकराव्या दिवसाची. अक्षर सुरेख, सगळे रकाने भरलेले. शेवटचा एकच रिकामा होता: 'पालकाची सही'. त्यावर लाल पेन्सिलीने शेरा, 'अपूर्ण'. एकोणीस वर्षांची सज्ञान मुलगी. सही कायद्याला नको होती, फक्त त्या फॉर्मला हवी होती.

कारकुनाला ती आठवली. "दोनदा आली होती. मी म्हटलं, वडलांना घेऊन ये. म्हणाली, आणते."

अर्जावर पत्ता होता. जळगावातल्या एका खानावळीचा.

दुसऱ्या दिवशी आबांना बरोबर घेतलं. नको म्हणत होतो, पण ऐकतील तर शपथ. ते फडक्यात भाजलेल्या शेंगा बांधून आले होते. तिला आवडायच्या. बसमध्ये एकदाच बोलले, "गाव काय काय बोलनं, साहेब. आते दखाडस मी गावले." माझ्याही मनात आशा होती, हे कबूल करतो.

खानावळ चालवणारी बाई साठीची, सगळे तिला अक्का म्हणत. हँडबिलावरचा फोटो पाहून तिने पदर तोंडाला लावला, आणि मला कळून चुकलं.

"कावीळ झाली होती," अक्का म्हणाली. "सिव्हिलमध्ये नेलं. पाच दिवस होती. जाऊन सहा महिने झाले. मीच सारं केलं. गाव विचारलं की सांगायचीच नाही. म्हणायची, एकदा नंबर लागू दे, टोपी घालूनच बापासमोर उभी राहीन. दीड वर्षं माझ्याकडे पोळ्या लाटल्या तिने. यंदा नाही तर पुढच्या साली, असं म्हणायची."

आबा रडले नाहीत. अंगणातल्या खाटेच्या कडेला बसले. शेंगांचं फडकं त्यांनी अक्काच्या हातात दिलं. मला म्हणाले, "त्या कागदवर काय कमी व्हतं, साहेब?"

मी लिफाफ्यातून अर्ज काढून रिकामी जागा दाखवली. खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही.

"सही?" ते म्हणाले. "सही येस माले. मी अंगठाबहाद्दर व्हतू. तिनीच शिकाडी."

मग त्यांनी माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं. "आते करू का? आठे?"

मी म्हणालो, "आबा, हा मुद्देमाल आहे. यावर काही लिहिता येत नाही."

नियमाने ते बरोबर होतं. त्या जनसंपर्कवाल्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. दंड भरून तो सुटला, आणि वर्षभरात त्याची जीप दुसऱ्या कॉलेजचं कापड लावून पाचोऱ्याच्या बाजारात फिरताना मी पाहिली. म्हणजे मी जपलेल्या त्या कोऱ्या रकान्याने कोणाचंही काही भलं केलं नाही.

या केसने मला एक शिकवलं आणि पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक फौजदाराला मी ते शिकवलं. पोर घरातून गेली असं कोणी सांगत आलं, तर कोणाबरोबर गेली हे विचारू नका. काय घेऊन गेली ते विचारा, आणि लिहिलेलं वाचा. त्यामुळे पुढे तीन मुली वेळेत सापडल्या. शिंप्याला मी पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. ते योग्यच झालं.

पण त्या दिवशीचं काम तेवढ्यावर संपलं नव्हतं. बेपत्ता मुलीचा कागद बंद करायचा तर नातेवाइकाचा जबाब लागतो. अक्काच्या अंगणातच मी तो लिहून काढला: सदर मयत मुलगी माझीच असून तिच्या मरणाबाबत माझी कोणावर तक्रार नाही. वाचून दाखवला. आबा म्हणाले, बरोबर शे. मग मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि जागा दाखवली. लाकूड तासायचा वाकस धरणारा तो हात पेनावर अवघडला. त्यांनी एकेक अक्षर मनात म्हणत, सावकाश, कुठे न चुकता आपली सही केली.