मी न दिलेला नकार

“कॅन्सर फुप्फुसात आहे आणि तिथून मेंदूत गेलाय,” बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. याला ब्रेन मेटास्टॅसिस म्हणतात, म्हणजे मूळ जागेवरून मेंदूत पसरलेला कॅन्सर. मी निपाणीला प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसायला लागली, सकाळी उलट्या व्हायच्या, म्हणून एमआरआय काढला होता. मला वाटलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

शेजारी अण्णा, माझा थोरला भाऊ, बसला होता. नवरा गेल्यापासून माझं सगळं तोच बघायचा. “तू नुसती विश्रांती घे गं. डॉक्टरांचं मी बघतो,” तो म्हणाला.

फुप्फुसातला छोटा तुकडा काढून तपासला. मग डोक्याला दहा दिवस रेडिएशन; आमच्याकडं ‘शेक’ म्हणतात. रोज एसटीनं जायचं, बाकावर नंबरची वाट बघायची. केस गेले. जेवणाला चव राहिली नाही. पुढं काय, असं विचारलं की अण्णा म्हणायचा, “आता एवढंच.”

महिन्यानं तपासणीला गेलो. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या जागी एक बाई होत्या. अण्णा खाली औषधांच्या रांगेत होता. फाईल चाळताना बाई थांबल्या.

“जीन टेस्टला तुम्ही नको का म्हणालात?”

“कसली टेस्ट?”

त्यांनी पान माझ्याकडं फिरवलं. इंग्रजीत लिहिलं होतं, पेशंटची तयारी नाही. खाली अण्णाची सही.

बाईंनी समजावलं. कॅन्सरच्या पेशीतल्या जनुकात कधीकधी ठरावीक बदल असतो, त्याला म्यूटेशन म्हणतात. तो सापडला तर त्या बदलावरच काम करणारी गोळी देता येते. ही टार्गेटेड थेरपी. यातल्या काही गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात. त्यासाठी मला पुन्हा टोचायचीही गरज नव्हती. माझा तुकडा लॅबमध्ये तेव्हापासून तसाच पडून होता.

मी तिथंच सही केली.

अण्णा जिन्यात भेटला. विचारल्यावर म्हणाला, “डोक्यात गेलंय म्हटल्यावर काय उरतंय गं? उगं आशा लावून तुला कशाला छळायचं?”

“म्हंजे तू मला मेलेली धरलास.”

माझ्या डी.एड.साठी वडलांशी भांडलेला हा माणूस. माझ्या वतीनं तोच नाही म्हणून आला होता.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. ईजीएफआर नावाच्या जनुकात म्यूटेशन सापडलं. रोज एक गोळी सुरू झाली. तोंडावर पुरळ आलं, नखांच्या कडा दुखायच्या, पोट बिघडायचं. तिसऱ्या महिन्यात मेंदूतल्या गाठी लहान झालेल्या दिसल्या.

“बरा झाला म्हणणार नाही. आटोक्यात आहे,” बाई म्हणाल्या. “गोळीचं काम पुढं कधी थांबलं, तर पुन्हा तपासू.”

मी विचारलं, गोळी सुरुवातीलाच मिळाली असती तर? “कदाचित शेक पुढं ढकलता आला असता. खात्रीनं नाही सांगता येत.” वर्गातल्या मुलांची नावं आता माझ्या ओठावर येऊन अडतात. ते शेकामुळं की कॅन्सरमुळं, कुणालाच ठाऊक नाही.

त्या बाईंनी पान माझ्याकडं फिरवलं नसतं तर हे लिहायला मी नसते. तुमच्यावर अशी वेळ आली तर घरची माणसं कितीही मायेची असोत, डॉक्टरांना तुमचे प्रश्न तुम्हीच विचारा.

परवा अण्णा घरी आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला. “माफ केलीस काय गं?”

“अजून न्हाय,” मी म्हणाले. “आत ये. जेवून जा.”