टेकडीवरचा लाल गोल

आमचे मामा युद्धात होते, पण त्यांनी बंदूक चालवली ती फक्त प्रशिक्षणात, आणि तीही शेजारच्याच्या निशाणावर. पायदळ ब्रिगेडच्या मुख्यालयात ते नकाशे रंगवायचे. आपल्या पलटणी निळ्या पेन्सिलीने, शत्रूच्या लाल. काम एवढंच, पण ऐट सेनापतीची! "एवढ्या लढाईत माझी एक रेघ चुकली नाही," हे आम्ही भावंडांनी जेवताना निदान हजार वेळा ऐकलंय.

बाबा त्याच ब्रिगेडच्या तिसऱ्या पलटणीत. एक टेकडी त्यांनी तीन दिवस सोडली नाही. गुडघा तिथे आखडला तो कायमचा. बाबा स्वतः कधी बढाई मारत नसत. ते खातं आईकडे होतं.

पुढे ब्रिगेडचा युद्ध-इतिहास छापायचं ठरलं. लिहिणारे एक निवृत्त मेजर. त्यांनी जुन्या सैनिकांना कच्ची पानं तपासायला पाठवली. बाबांच्या पानावर होतं, 'दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पलटणीने टेकडी सोडली.' बाबांनी पानं कपाटावर ठेवली आणि चार दिवस तिकडे पाहिलंही नाही. मला तर त्या मेजरांचं घर गाठून भांडावंसं वाटत होतं.

मामा तावातावाने आले. "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे? आणा इकडे!"

पानांना नकाशाची प्रत जोडलेली होती. दुसऱ्या दिवसाची तारीख आणि टेकडीवर लाल गोल. मामांनी प्रत उजेडात धरून पाहिली. खुर्चीत बसून त्यांनी पाणी मागितलं. "दाजी, गाढव मीच आहे," ते म्हणाले.

त्या दिवशी निळी पेन्सिल संपली होती. मामांनी पलटण लालने काढली आणि 'हा गोल निळा समजावा' अशी चिठ्ठी वर टाचली. साहेबांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. नंतर कधीतरी चिठ्ठी गळून पडली आणि गोल तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून मेजरांकडे गेले. सोबत मी.

"तुमच्या शब्दाखेरीज काही पुरावा?" मेजरांनी विचारलं.

"नाही साहेब. पण न केलेली चूक कोण कशाला अंगावर घेईल?"

"मग लेखी द्या. मात्र ते तुमच्या नावानिशी छापावं लागेल."

मामांनी खिशातून पेन काढलं, टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग त्यांनी आपल्या सुबक अक्षरात लिहून दिलं. परतताना रस्ताभर त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

पुस्तक आलं. टेकडी तिसऱ्या पलटणीकडेच राहिली होती. चारशे पानांत मामांचं नाव एकदाच, त्या पानाच्या तळटीपेत: चूक यांची.

"पुढच्या आवृत्तीत हे काढायला लावू," बाबा म्हणाले.

"राहू द्या दाजी. चुकलो होतोच ना."

हल्ली घरी कुणीही आलं की बाबा ते पुस्तक काढतात, टेकडीचं पान उघडतात आणि तळटीपेवर बोट ठेवून सांगतात, "हा माझा मेव्हणा."