औशाचा हिरो

"आणखी एक चपाती घे, मग पुढचं सांगते." असं म्हणून मेसच्या मावशी ताटावर चपाती धरायच्या आणि समोरची मुलगी हो म्हणेपर्यंत गोष्ट जागची हलायची नाही. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत पुष्कळ मेस तुम्ही पाहिल्या असतील, पण कोरियन मालिकेवर चालणारी ही एकच. मी तिथल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो. घर नांदेडला, म्हणून कोपऱ्यात माझंही ताट असायचं.

जेवणाऱ्या मुली डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या. होस्टेलवर त्यांचे फोन काढून घेतलेले. म्हणून मावशी दुपारी कणीक मळताना तेलाच्या डब्याला फोन टेकवून हिंदीत बोलणारी कोरियन मालिका बघायच्या आणि संध्याकाळी मुलींना सांगायच्या. तिकडची नावं काही त्यांच्या तोंडात बसेनात. मग हिरो झाला औशाचा आणि हिरोईन उदगीरची. औशाचा दिसायला देखणा, घरचा श्रीमंत आणि मावशींच्या मते पक्का बावळट.

"सात भाग झाले, अजून तोंड उघडंना. आवडती तर सांग की तिला. छत्री धरून नुसता बघत ऱ्हायला."

दहाव्या भागात त्याने एकदाचा हात धरला, तोवर मावशी इतक्या चिडल्या होत्या की आमटीत मीठ दोनदा पडलं. पण त्याच मालिकेत आईने न बोलता लेकीच्या भातावर भाजी ठेवली की त्या विरघळायच्या. "मानसं आपल्यावानीच हायत, सर. जेवलीस का म्हनून आधी इचारतेत."

मावशी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. भूकंपात घरातलं एकही माणूस उरलं नाही. हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. ताटावर बसल्यावर मेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, एवढा एक नियम मात्र मेसमध्ये होता.

त्या वर्षी जळकोटची एक मुलगी दुसऱ्यांदा परीक्षा देत होती. महिना उरला आणि तिचं जेवण सुटलं. वर्गात चक्कर येऊन पडली. वडील फोनवर म्हणाले, परीक्षा राहू दे, न्यायला येतो. मावशींनी फोन आपल्या हातात घेतला. "दादा, आठ दिस द्या मला. जेवली न्हाई तर खुशाल न्या." गोष्ट ऐकण्यापुरती एक चपाती ती पोरगी खायची, तेवढाच भरवसा होता.

आणि नेमका त्याच आठवड्यात औशाचा मेला. मला ठाऊक होतं, कारण सांगायला लाज वाटते, पण खोलीवर मीही ती मालिका बघत होतो. शेवटून दुसऱ्या भागात गाडीखाली आला. मावशी हे कसं सांगतात ते बघायला मी मुद्दाम लवकर गेलो.

मावशींनी जळकोटच्या पोरीच्या ताटावर चपाती धरली. तिने घेतल्यावर म्हणाल्या, "गाडी आली जोरात. पर उदगीरच्या पोरीनं त्याला मागं वढलं."

मी काही बोलणार, तोच त्यांनी माझ्या ताटात वरण ओतलं.

पुढे महिनाभर तो माणूस जगला. मावशींनी त्याला बोलतं केलं, सासूला सरळ केलं आणि उदगीरचीला डॉक्टर करून टाकलं. दुपारी फोन बंद असायचा आणि त्या कणीक मळत पुटपुटत पुढचा भाग रचायच्या. पोरगी एकीच्या जागी तीन चपात्या खाऊ लागली. परीक्षा दिली, पासही झाली. माझ्या शिकवण्याचा मला अभिमान आहे, पण त्या महिन्यातल्या मावशींचा त्याहून जास्त आहे.

गेल्या वर्षी मावशी वारल्या. कळल्यावर मी गेलो तेव्हा मेसच्या बंद दाराशी ती मुलगी उभी होती, आता डॉक्टर झालेली. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "तो हिरो खरं तर मेला होता."

"माहीत होतं, सर. रूममेटकडे चोरून आणलेला फोन होता. मावशींनी त्याला वाचवलं ना, त्याच दुपारी बघितलं मी. जेवायचं नाही, बाबांना बोलवायचं आणि घरी जायचं, असं ठरवूनच आले होते."

"मग?"

"चपाती धरली ना, तेव्हा मावशी 'पुढचं सांगते' म्हणाल्याच नाहीत, सर. 'जेवलीस का' एवढंच विचारलं. म्हणून घेतली."