नानांच्या नावावर गेलेली यादी

नाना गेल्याचं मला धुळ्याच्या बसस्थानकावर कळलं. आमच्या जुन्या कारखान्यातले टाइमकीपर भेटले, म्हणाले, "पाचोऱ्याला गेला होतात की नाही? नाना गेले ना हो! झोपेतच. आठ दिवस झाले." मी "अरेरे" म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, दुःख व्हायच्या आधी मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. एक माणूस कमी झाला, ज्याला खरं माहीत होतं... त्या सुटकेची लाज महिना झाला तरी जात नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात मी ट्रेनिंग ऑफिसर म्हणून लागलो. फैजपूरचा, नुकता डिप्लोमा झालेला, अंगात भलतीच रग. कँटीनशेजारी एक खोली होती, तिला सगळे 'पुस्तकाची खोली' म्हणत. मशीनची माहितीपत्रकं, तक्ते, कंपन्यांच्या पुस्तिका, आणि बऱ्याच इंग्रजी पुस्तिकांची नानांनी वहीत उतरवलेली मराठी. नाना मूळचे सोनगीरचे, घर पाचोऱ्याला, हुद्द्याने कारकून, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्या खोलीत प्रत्येक पुस्तिकेच्या कण्याला रंगीत सुताचे तुकडे बांधलेले असत. निळं सूत म्हणजे मोजमाप, पिवळं म्हणजे वेल्डिंग, हिरवं म्हणजे वीज, आणि लाल म्हणजे जिथे हातपाय जाऊ शकतात ते काम. पहिल्या दिवशी मी हसलो होतो. म्हटलं, नाना, हे काय, गोधडीचं दुकान?

नाना चिडले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून एका कामगाराचं कार्ड काढलं. त्यालाही सुतं बांधलेली. त्या माणसाला जे येतं, त्याची. आता तो लेथवरून मोठ्या मशीनवर जायचा असेल, तर त्या मशीनला लागणारे रंग आणि याच्या कार्डावरचे रंग शेजारी ठेवायचे. जो रंग नाही, ती पुस्तिका त्याच्या हातात. बस्स. कोणाला चार पुस्तिका, कोणाला एकच, कोणाला पुस्तिका नाहीच, नानाच दोन दिवस मशीनशेजारी बसून तोंडी सांगणार, कारण त्याला वाचता येत नाही. दर शनिवारी नाना जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या शेडमध्ये फिरत. हजेरीपटात काय लिहिलंय ते त्यांनी कधी पाहिलं नाही. कोण खरोखर कुठे उभा आहे ते पाहत आणि परत येऊन कार्डावर सूत बांधत. मला म्हणत, "तू हुद्दा देखस भाऊ, मी हात देखस." मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं चऱ्हाट वाटायचं.

नव्वदनंतर मुंबईच्या ऑफिसने एक कॉम्प्युटर पाठवला. दहा दिवसांनी मोठे साहेब बघायला येणार होते. मी ठरवलं, पुस्तकाची खोली कॉम्प्युटरवर आणायची. प्रत्येक माणसाचं नाव टाकलं की त्याने काय शिकायचं त्याची यादी प्रिंटरमधून बाहेर! कल्पना अर्थातच नानांची, शेखी माझी. पुस्तिकांचे रंग मी शब्दांत भरून टाकले, ते सोपं होतं. पण माणसांना काय काय येतं हे तीनशे कार्डांवरून भरायचं म्हणजे नानांना शेजारी बसवून महिनाभर काम. कोण बसतो! मी हजेरीपट उघडला आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा हुद्दा भरला. फिटरला फिटरचं, टर्नरला टर्नरचं, हेल्परला हेल्परचं.

नाना माझ्या मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "प्रेसवर बठ्ठा हेल्परच शेतस भाऊ. त्यासले लाल पुस्तक कोण देई?"

खरंच होतं ते. प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, सगळे हेल्परच होते. आमच्याकडे माणूस दहा दहा वर्षं हेल्पर म्हणूनच राही आणि काम ऑपरेटरचं करी. अख्ख्या कारखान्याला ते ठाऊक होतं, मलाही होतं. मी म्हणालो, "नाना, ते नंतर बघू. आणि आता हे दोरेबिरे बंद, शनिवारची फेरीही बंद. कॉम्प्युटर सांगेल तेच वाचायचं." कार्डं पोत्यात भरून मी स्वतः स्टोअरला पाठवली. मोठे साहेब आले, यादी बाहेर आली, त्यांनी माझी पाठ थोपटली. हेल्परांच्या यादीत एकच पुस्तिका होती, 'स्वच्छता व वक्तशीरपणा'. ती वाचून आम्ही ऑफिसात हसलो होतो.

यासीनभाई हेल्परच. चाळिशीचा, पाचोऱ्याचा, हाताचा फार कसबी. प्रेसवरचा ऑपरेटर नोकरी सोडून गेला, तेव्हा सुपरवायझरने यासीनभाईला तिथे उभं केलं. जुनी पद्धत असती तर त्याच शनिवारी नानांना तो दिसला असता, आणि लाल सुताची पुस्तिका समजावून दिल्याशिवाय त्यांनी त्याला मशीनला हात लावू दिला नसता. अडकलेला तुकडा आधी मोटर बंद करून चिमट्यानेच काढायचा, हे त्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं. यासीनभाईने तो हाताने काढला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीला मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "या माणसाला प्रेसचं शिक्षण का दिलं गेलं नाही? यादी कोण करतं?" माझी नोकरी कायम व्हायची होती, लग्न ठरलं होतं. मी म्हणालो, "पुस्तकाच्या खोलीचं काम नाना बघतात, सर." एवढंच. वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त नीच होतं. नाना दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, "हो साहेब. माझी नजर चुकली."

बाहेर आल्यावर मी काही बोलणार, तोच ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुना संसार आते सुरू व्हई ऱ्हायना." नानांना गेटवर आवक-जावकला बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. मी कायम झालो, पुढे बढती घेऊन धुळ्याला आलो. जळगावात होतो तितके दिवस मी मागच्या गेटने आत जात असे, कँटीन जवळ पडतं असं सांगून. नानांना काय वाटत असेल हे मी एकदाही विचारलं नाही... हिंमत नव्हती, दुसरं काय!

दिवसकार्याला पाचोऱ्याला गेलो. नानांच्या घरी पाणी वाढायला यासीनभाईच पुढे होता. अक्का, म्हणजे नानांची पत्नी, त्याला घरच्यासारखी हाक मारत होत्या. जेवणं झाल्यावर तो मला स्टेशनजवळच्या त्याच्या दुकानात घेऊन गेला. पंप दुरुस्तीचं दुकान, चांगलं चालतं. म्हणाला, "नोकरी गेल्यावर नाना दर रविवारी यायचे साहेब. डाव्या हाताने पाना कसा धरायचा, वायंडिंग कसं करायचं, बठ्ठं त्यांनीच शिकवलं. पाच साल." मग म्हणाला, "एक बात बोलू का? नानांच्या हातून माझ्या बाबतीत चूक झाली. लई वेळा माफी मागायचे. पण मी कधी दिलात ठेवलं नाही. आदमी फरिश्ता होता."

त्याने चहा मागवला होता. मी तो प्यायलो.

यासीनभाई, तुमच्या दुकानात या पेपरची ही पुरवणी येते, तुमच्या बाकावर मी पाहिली. म्हणून इथे लिहितो. तुमच्या गल्ल्याशेजारी एक लाकडी स्टूल आहे. नाना त्यावर बसून शिकवायचे, आता त्यावर तुम्ही कुणालाच बसू देत नाही. मला मात्र फडक्याने पुसून दिलंत आणि म्हणालात, "तुम्ही नानांचे साहेब, तुम्ही बसा." मी उभाच राहिलो. तुमचे डोळे भरून आले, तुम्हाला वाटलं मी नानांना मान देतोय. ती यादी नानांनी केली नव्हती, यासीनभाई. ती मी केली होती.