दहा फुटांवरचा दादा

लिहायला बसलो खरा, पण संकोच वाटतो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. हातून काही वेडंवाकडं लिहून झालं, तर क्षमा असावी.

मालवणला आमचं मासेमारीचं घर. थोरला भाऊ गलबतावर तांडेलाच्या, म्हणजे गलबताच्या प्रमुखाच्या, हाताखाली खलाशी लागला आणि नारळी पुनवेनंतर मंगळूरकडे निघणार होता. आईकडे त्याचा एकही फोटो नव्हता. म्हणून मी कोल्हापूरहून, कॉलेजातल्या मित्राचा कॅमेरा मागून आणला. सोबत फ्लॅशचा एकच बल्ब होता, आणि बल्ब एकदाच पेटतो.

त्या दिवशी पावसाने ओटीवर अंधार केला होता. लेन्सच्या कडेला एक बारीक खटका, त्याच्याजवळ इंग्रजी एम आणि एक्स ही अक्षरं. मित्राने सांगितलेलं मी विसरलो होतो. शाळेत रोमन आकडे पाठ केले होते: एम म्हणजे हजार, एक्स म्हणजे दहा. दादा दहा फुटांवर उभा होता. मी खटका एक्सवर सरकवला.

"रे मास्तर, नुसतो बगत रवतलंस? तांडेल माका टाकून जातलो!" दादा ओरडला.

"तू गप, आणि जरा हास," आई त्याला म्हणाली.

लख्ख उजेड पडला. दादा डोळे चोळत, हसत पावसात निघून गेला.

महिन्याने फोटो धुऊन आला तो काळाकुट्ट. फक्त दादामागे दारातून दिसणाऱ्या देवापुढच्या दिव्याचा पांढरा ठिपका. "तो खंय आसा?" आईने विचारलं. मी अंधारावर बोट ठेवलं.

मित्राने पुन्हा समजावलं. बल्ब भरात यायला क्षणाचा अंश लागतो. एमवर ठेवलं की आधी बल्ब पेटतो आणि शटर त्याच्यासाठी किंचित थांबून उघडतं. एक्सवर दोन्ही एकदम. ते विजेच्या नव्या फ्लॅशसाठी. म्हणजे ओटीवर उजेड पडला, तेव्हा शटर मिटून गेलं होतं. दादाचं ते हसू आम्ही पाहिलं, कॅमेऱ्याने नाही.

पुढच्या सुटीत मी नवे बल्ब घेऊन आलो. दादा आला नाही. तीन वर्षं मी ते बल्ब तसेच आणत राहिलो आणि बंदरावर जाऊन बसत राहिलो. आई कधीकधी तो काळा फोटो दारातल्या उजेडात धरून बघायची.

मग एकदा दुसऱ्याच गलबताचा तांडेल घरी आला.

"तुझो झील बरो आसा गो. मंगळुरात लगीन केल्यान, थंयच रवता."

आईने तो काळा फोटो हातात घेतला. मग म्हणाली, "दिसता कसो?"

"दाढी वाढयल्यान हा. मियां पयल्यान वळखूकच नाय."